पेस्टलच्या जगात काय चाललंय? बातम्या, चित्रं आणि खडूच्या गप्पा

खडूरंग

नमस्कार मंडळी,

जलरंगांचे धागे इथे भरभरून चालतात, तैलरंगांवरही अधूनमधून चांगली चर्चा होते. पेस्टलचा (रंगद्रव्याच्या कोरड्या खडूंनी चित्रं काढायच्या माध्यमाचा) विषय मात्र दोनचार प्रतिसादांत आटोपतो. "सुंदर असतं हो, पण टिकत नाही ना?" या प्रश्नापाशी गाडी अडते ती अडतेच. म्हणून हा स्वतंत्र धागा. कुठे काय प्रदर्शन लागलं, कोण नवं काय करतंय, जुन्यांपैकी कोणाचं काय बघितलं आणि आपल्या स्वतःच्या बोर्डावर काय चालू आहे, सगळं इथे येऊ द्या.

सुरुवात मी करते. २०२३ हे वर्ष पेस्टलवाल्यांसाठी मोठं होतं. पॅरिसच्या म्यूझे दोर्से या संग्रहालयाने मिलेपासून रदाँपर्यंतच्या फ्रेंच चित्रकारांची आपल्या संग्रहातली पेस्टल्स बाहेर काढली. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये रोझाल्बा कारिएरा या अठराव्या शतकातल्या पेस्टलकार बाईच्या जन्माला ३५० वर्षं झाली म्हणून तिच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिच्या पेस्टल्सचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तिथेच आहे. न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयाने निकोलस पार्टी या स्विस चित्रकाराला रोझाल्बाने काढलेल्या एका व्यक्तिचित्राभोवतीच्या भिंती रंगवायला दिल्या, त्याही पेस्टलने. आणि वर्ष सरता सरता लंडनच्या नॅशनल गॅलरीत जाँ-एतिएन लिओतार या अठराव्या शतकातल्या चित्रकाराचं 'लाव्हेर्न कुटुंबाची न्याहारी' मध्यभागी ठेवून छोटंसं, पण फार नेमकं प्रदर्शन लागलं.

नीट बघितलंत तर यातली बहुतेक प्रदर्शनं ज्याच्या त्याच्या संग्रहाची आहेत. पेस्टल उसनं द्यायला संग्रहालयं सहसा राजी नसतात. प्रवासातल्या हादऱ्यांनी कागदावरची भुकटी सुटू शकते. भिंतीवर लावलं तरी प्रकाश मोजूनमापून, साधारण ५० लक्स म्हणजे मंदच, आणि काही महिन्यांनी चित्र परत अंधाऱ्या कपाटात. म्हणजे यांचं प्रदर्शन लागलं की ती खरोखरच बातमी असते.

आता माझं मत, आणि ते मी इथे सोडणार नाही. पेस्टल नाजूक आहे ते हाताळणीच्या बाबतीत, रंगाच्या बाबतीत नाही. तेल पिवळं पडतं, व्हार्निश काळवंडतं, रंगाचे जाड थर तडकतात. पेस्टलमध्ये तेल नाही आणि व्हार्निशही नाही, त्यामुळे यातलं काहीच होत नाही. चांगलं रंगद्रव्य, आम्लमुक्त कागद आणि पुढे काच, एवढं सांभाळलं तर तीनशे वर्षांपूर्वीच्या गालांवरची त्वचा आजही ताजी दिसते. रोझाल्बाची चित्रं याचा पुरावा आहेत.

नीलाक्षर

वा! हा धागा हवाच होता. वाचनखूण साठवली.

एक भाबडा प्रश्न. पेस्टलचा रंग एवढा उजळ का दिसतो? तेच अल्ट्रामरीन मी जलरंगात वापरते, तैलरंगातही बघितलंय. पेस्टलमध्ये ते जणू आतून पेटल्यासारखं दिसतं.

दाणेदार

नीलाक्षर, प्रश्न भाबडा मुळीच नाही, सगळं पेस्टल त्यातच आहे.

सॉफ्ट पेस्टलच्या काडीत असतं काय? रंगद्रव्य, भर म्हणून खडूची किंवा चिनी मातीची पूड, आणि काडी जेमतेम आकार धरेल इतकाच डिंक (ट्रॅगाकँथ, हल्ली मिथाइल सेल्युलोजही). तैलरंगात प्रत्येक कण तेलात बुडालेला असतो. पेस्टलमध्ये कण कागदाच्या दाण्यात अडकून राहतात आणि त्यांच्या भोवती हवा असते. प्रकाश त्या कणांवरून चहूबाजूंना विखुरतो, मध्ये चकचकीत पापुद्रा नसतो. म्हणून रंग कोरडा, मखमली आणि भरघोस दिसतो.

फिक्सेटिव्ह (भुकटी धरून ठेवणारा राळेचा फवारा) मारल्यावर चित्र गडद होतं त्याचं कारणही हेच. कणांमधली हवेची जागा राळेने भरते. कोरडी वाळू ओली झाली की गडद दिसते, अगदी तसंच. सर्वांत जास्त मार बसतो तो सगळ्यात हलक्या छटांना. आकाशातला शेवटचा पिवळट पांढरा हात बघता बघता विझतो.

तांबूस

दाणेदार, शास्त्र मान्य. पण "फिक्सेटिव्ह म्हणजे पाप" असा जो सूर पेस्टलवाल्यांत असतो तो मला पटत नाही. फ्रेंच चित्रकार एदगार देगाकडे बघा. तो थरावर थर चढवायचा आणि मधले थर पक्के करत जायचा. त्याचा मित्र, चित्रकार लुइजी कियालिव्हा, त्याला फिक्सेटिव्ह पुरवायचा. वाफ वापरून पेस्टलचा लगदा करून ब्रशने पसरवण्याचेही प्रयोग देगाने केले. मोनोटाइपच्या (पाटीवर चित्र काढून कागदावर घेतलेल्या) छापावर पेस्टल चढवलं, ट्रेसिंग पेपरवर काढलं, चित्र पुरेना झालं की कागदाची आणखी एक पट्टी जोडून ते वाढवलं. नॅशनल गॅलरीतली त्याची 'स्नानानंतर अंग पुसणारी स्त्री' असे अनेक कागद जोडून झालेली आहे. पाठीवरचे हिरवे-गुलाबी फटकारे एकमेकांत मिसळत नाहीत, एकावर एक उभे राहतात. खालचा थर मोकळा ठेवला असता तर हे झालंच नसतं.

खडूरंग

तांबूस, मधल्या थरांना माझा विरोध नाहीच. विरोध आहे तो शेवटच्या फवाऱ्याला. चित्र पूर्ण झालं, आता "सुरक्षित" करू म्हणून वरून मारलेला जाड थर चित्राला मारतो. आणि त्याने सुरक्षा काय मिळते? बोट फिरवलं तर रंग तरीही निघतो. मग काच लागणारच. काच लागणारच असेल तर फवारा कशाला?

दाणेदार

हा वाद तुमच्या-आमच्यातला नाही, अडीचशे वर्षांहून जुना आहे. १७५३ मध्ये लोरिओ नावाच्या गृहस्थाने पॅरिसच्या अकादमीसमोर पेस्टल पक्कं करायची आपली पद्धत दाखवली आणि कृती मात्र १७८० पर्यंत गुप्त ठेवली. मोरिस काँतँ द ला तूरसारखे मातब्बर पेस्टलकार पक्कं करण्याच्या शोधात आयुष्यभर होते. म्हणजे ज्यांनी हे माध्यम शिखरावर नेलं त्यांनाही हा प्रश्न सुटला नव्हता.

हल्ली केसीनवर (दुधातल्या प्रथिनावर) आधारलेले, अल्कोहोलमधले फवारे मिळतात, ते राळेच्या फवाऱ्यांपेक्षा रंग कमी बदलतात. पण "अजिबात बदलत नाही" असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर बघावं.

रेषाविश्व

ला तूरचं नाव निघालंच आहे तर मादाम द पाँपादूरचं व्यक्तिचित्र सोडून चालणार नाही. १७५५ च्या सालोंमध्ये (पॅरिसच्या अकादमीच्या प्रदर्शनात) मांडलेलं, आज लूव्हरमध्ये आहे. पेस्टल म्हणजे वहीएवढ्या कागदावरचं काम असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते: हे चित्र पावणेदोन मीटरहून उंच आहे, कागद जोडून कॅनव्हासवर चिकटवलेले. तिच्या शेजारच्या मेजावर पुस्तकं आहेत आणि त्यांत दिदरोच्या विश्वकोशाचा खंड आहे, ज्या ग्रंथावर तेव्हा धर्मसत्तेची करडी नजर होती. राजाची मैत्रीण आपल्या चित्रात ते पुस्तक ठेवून घेते, हे फार धीट आहे.

आणि हे सगळं खडूत! रेशीम, चामड्याची बांधणी, लाकडाचा मुलामा, कातडी, कागद. प्रत्येक पोत वेगळा. मी पेस्टल शिकवते, तेव्हा "पोत दाखवायला तैलरंगच हवेत" असं कोणी म्हणालं की हे चित्र मोठं करून समोर ठेवते आणि गप्प बसते.

अनामिक_पाखरू

+१ रेषाविश्व. आणि लिओतारची 'चॉकलेट नेणारी मुलगी'! ड्रेस्डेनला आहे, साधारण १७४४ चं. तबकातल्या काचेच्या पेल्यात पाणी आहे, त्यात खिडकीचं प्रतिबिंब आहे. ते चर्मपत्रावर केलंय म्हणतात, कागदावर नाही. हे कसं शक्य आहे? चर्मपत्र तर गुळगुळीत असतं ना?

दाणेदार

चर्मपत्रच आहे. ते घासून त्याची लव किंचित उठवून घेतात, मग बारीक भुकटी धरते. दाणा फार सूक्ष्म असल्यामुळे रेषा दिसत नाहीत, सगळं मिनाकारीसारखं गुळगुळीत दिसतं. लिओतारला ब्रशचे फटकारे, खडूचे ओरखडे असलं काही चित्रात दिसलेलं आवडायचंच नाही, त्यामुळे त्याला हा पृष्ठभाग अगदी मनासारखा होता.

खडूरंग

लाव्हेर्न कुटुंबाबद्दल थोडं लिहिते, कारण त्या प्रदर्शनाची गंमत त्यातल्या जोडीत होती. लिओतारने हे पेस्टल १७५४ मध्ये केलं. एक बाई लहान मुलीला न्याहारी भरवते आहे, मुलीच्या केसांना कागदाच्या गुंडाळ्या लावलेल्या आहेत, मुलगी पेल्यात काहीतरी बुडवते आहे. मेजाच्या उघड्या खणात सुरावटीचा कागद आहे आणि सही त्यावर आहे. चित्र विकलं गेलं. मग सुमारे दोन दशकांनी, १७७३ मध्ये, लिओतारने तेच चित्र तैलरंगात पुन्हा केलं. नॅशनल गॅलरीने दोन्ही शेजारी शेजारी लावली. एकाच हाताचं, एकच दृश्य, दोन माध्यमं. पेस्टल विरुद्ध तैलरंग यावर कितीही पानं लिहा, ही जोडी बघण्याची सर त्याला नाही. दोघांचीही मोठी छायाचित्रं मिळवून पडद्यावर बाजूबाजूला ठेवा आणि चिनी मातीच्या भांड्यांवरचा प्रकाश आधी बघा. माझ्या डोळ्यांना पेस्टलमधला पांढरा जास्त हवेशीर वाटतो. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा.

तांबूस

बघितलं. पेस्टलमधले गाल जिंकतात, तैलरंगातल्या सावल्या जिंकतात. खोल काळोख पेस्टलला जड जातो हे कबूल करायला हवं. कण विखुरलेला प्रकाश परत पाठवत राहतात, त्यामुळे काळा पूर्ण काळा होत नाही.

खडूरंग

हे मान्य. म्हणूनच गडद भाग आधी, कडक काडीने आणि कागदात दाबून. खाली अल्कोहोलने ओलं केलेलं अंडरपेंटिंग (रंगाचा पहिला, तळाचा थर) असेल तर दाणा रंगाने भरतो आणि काळोखाला बूड मिळतं. वरून मऊ काड्यांचा उजेड. गडदाकडून उजळाकडे, कडक काडीकडून मऊ काडीकडे, हा क्रम मी तरी मोडत नाही.

सायंप्रकाश

सर्वांना नमस्कार. मी या धाग्यावर वाचनमात्र होतो, आज लिहावंसं वाटलं. मी निवृत्त आहे, अनेक वर्षं जलरंगात निसर्गचित्रं केली. आता नजरेच्या मधोमध धूसर डाग आहे. पॅलेटवर रंग मिसळताना छटा कळत नाही, बारीक ब्रशचं टोक दिसत नाही. चित्र सोडवत नाही. पेस्टल या वयात, या डोळ्यांनी जमेल का? खरं उत्तर द्या, धीर देण्यापुरतं नको.

खडूरंग

सायंप्रकाश काका, खरं उत्तर देते. जमेल. आणि पेस्टलच्या इतिहासातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

शार्दां हा स्थिरचित्रांचा बादशहा, जन्म १६९९ चा. उतारवयात डोळे बिघडले, तैलरंग त्रास देऊ लागले, तेव्हा तो पेस्टलकडे वळला. १७७१ च्या सालोंमध्ये त्याने पेस्टलमधली डोकी मांडली, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती. चष्मा लावलेलं त्याचं आत्मचित्र त्याच वर्षीचं, आणि कपाळावर उजेड अडवणारी झापड बांधलेलं आत्मचित्र १७७५ चं. दोन्ही लूव्हरमध्ये आहेत. चेहऱ्यावर निळे, हिरवट, तांबूस फटकारे उघडे ठेवलेत, बोटाने पुसून एकजीव केलेले नाहीत. लांबून बघितलं की माणूस समोर बसलेला असतो.

देगाचे डोळे १८७० च्या सुमारास बिघडायला लागले. जसजशी नजर गेली तसतसे त्याचे कागद मोठे झाले, फटकारे मोठे झाले, रंग तीव्र झाले. मेरी कॅसॅटने आई आणि मूल हा विषय पेस्टलमध्ये जिथवर नेला तिथवर कोणी नेला नाही. तिला मोतीबिंदूने गाठलं आणि १९१४ च्या सुमारास काम थांबवावं लागलं. रोझाल्बाचीही नजर अखेरीस गेली, शस्त्रक्रिया करूनही परत आली नाही. या दोघींचं उदाहरण मी लपवत नाही, तुम्ही खरं विचारलंत म्हणून. पण नजर कमी होत असतानाही त्या जितकं शक्य होतं तितकं काम करत राहिल्या, आणि पेस्टलने त्यांना साथ दिली.

याला व्यावहारिक कारण आहे. पेस्टलमध्ये रंग आधीच तयार असतो. पॅलेट नाही, पाण्याचं प्रमाण नाही, वाळण्याची वाट बघणं नाही. काडी एकदा जागेवर ठेवलीत की ती त्याच जागी सापडते.

रेषाविश्व

काका, मी शिकवताना जे करते ते सांगते. काड्या रंगानुसार लावू नका, गडद-उजळ क्रमाने लावा. एक ट्रे, चार कप्पे: सर्वांत गडद, मध्यम गडद, मध्यम उजळ, सर्वांत उजळ. रंग चुकला तरी चित्र उभं राहतं, छायाप्रकाश चुकला तर नाही. शंका आली तर कुठल्या कप्प्यातली काडी आहे एवढं कळलं तरी पुरे. कप्प्यांच्या कडेला मोठ्या काळ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावा.

जाड, चौकोनी काड्या घ्या, आडव्या धरून पूर्ण बाजू वापरा. कागद मोठा आणि मध्यम राखाडी किंवा मातकट रंगाचा. पांढऱ्या कागदाची चकाकी तुमच्या डोळ्यांना त्रास देईल असं वाटतं, तरी तुमच्या डॉक्टरांना दिव्याबद्दल विचारून घ्या. आणि बारीक तपशील सोडून द्या. झाडाची पानं नकोत, झाडाचा घुमट हवा.

सायंप्रकाश

आभार. दोघींचाही प्रतिसाद मुलीकडून मोठ्याने वाचून घेतला. शार्दांची दोन्ही चित्रं पडद्यावर मोठी करून बघितली. झापड बांधलेलं जास्त जवळचं वाटलं.

कोरापान

मी अगदी नवीन. दुकानात गेलं की शेकडो काड्यांचे संच बघून गांगरायला होतं. किती रंग घ्यायचे? आणि सॉफ्ट, हार्ड, पेन्सिल, ऑइल, हे सगळं एकच की वेगवेगळं?

दाणेदार

ऑइल पेस्टल वेगळं काढा. त्यात मेण आणि न वाळणारं तेल असतं, भुकटी उडत नाही, कधी पूर्ण वाळतही नाही. ते जपानमध्ये साकुरा या कंपनीने १९२० च्या दशकात मुलांसाठी आणलं. पुढे १९४९ मध्ये पिकासो आणि आँरी गोएत्झ या चित्रकारांच्या सांगण्यावरून सेनेलिए या फ्रेंच रंग कंपनीने चित्रकारांसाठी उत्तम दर्जाचं केलं. छान माध्यम आहे, पण त्याचे नियम निराळे. त्यावर कोणीतरी वेगळा धागा काढा.

बाकी सगळे एकाच कुळातले, फरक डिंकाच्या आणि भरीच्या प्रमाणाचा. पेन्सिल आणि हार्ड पेस्टल रेखाटनाला, पहिल्या थराला. सॉफ्ट शेवटी. अर्ध्या काड्यांचा संच घ्या, तेवढ्याच खर्चात दुप्पट छटा मिळतात. तयार संचांत मध्यम छटा भरपूर आणि खूप गडद काड्या कमी असतात, म्हणून पहिली सुटी खरेदी गडद काड्यांची: गडद निळी, गडद हिरवी, गडद जांभळी, गडद तपकिरी. काळी काडी सगळ्यात शेवटी घ्या. नाही घेतली तरी चालेल.

नीलाक्षर

आणि कागद? वॉटरकलर पेपरवर केलं तर दोन थरांतच खडू घसरायला लागला.

खडूरंग

दाणा भरला की असंच होतं, मग कितीही घासा, वरचा रंग खालच्यावर बसत नाही. साध्या दाण्याच्या रंगीत कागदावर (मि-तँत वगैरे) तीनचार थर निघतात, आणि त्याची मधमाशांच्या पोळ्यासारखी बाजू नको असेल तर मागची वापरा. पेस्टलमॅटवर बरेच थर बसतात आणि तो बोटांना सोलत नाही. सँडेड कागद, यूआर्टसारखे, ग्रिटवर मिळतात. आकडा लहान तितका दाणा खरखरीत: २४० वर काडी भसाभस संपते, ८०० वर बारीक काम होतं. मला ४०० सर्वांत आवडतो. पण पहिली काही चित्रं साध्या रंगीत कागदावरच करा, थोड्या थरांत बोलायची सवय लागते.

तांबूस

मूळ बातमीकडे परत येतो, कारण निकोलस पार्टीबद्दल कोणीच बोललं नाही. हा माणूस भिंतीच्या भिंती सॉफ्ट पेस्टलने भरतो आणि प्रदर्शन संपलं की त्या पुसल्या जातात. फ्रिकमध्येही तेच. पिकासोचं १९२१ मधलं एक पेस्टल २०१३ मध्ये बघितल्यावर तो या माध्यमाकडे वळला. रंग जबरदस्त आहेत, याबद्दल शंका नाही. पण पुसून टाकण्यासाठी एवढे श्रम? मला ते बघवत नाही. आपण सगळे इथे टिकवण्याबद्दल बोलतोय आणि हा मुद्दाम नाहीसं करतोय.

रेषाविश्व

तांबूस, मला उलट वाटतं. भिंतीवर काच लावता येत नाही, म्हणून पेस्टलची भिंत ही मुळातच तेवढ्या दिवसांची. त्याने माध्यमाचा स्वभाव तसाच्या तसा स्वीकारला. मध्ये रोझाल्बाने काढलेलं, तीनशे वर्षं जपलेलं, यात्रेकरूच्या वेशातल्या माणसाचं व्यक्तिचित्र, भोवती काही महिन्यांपुरती भिंत. दोन्ही एकाच भुकटीचे.

तांबूस

कल्पना म्हणून पटतं. डोळ्यांना अजून पटत नाही. पण एक मान्य करतो, रोझाल्बाचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं अशा तरुण मंडळींपर्यंत त्याने ते पोचवलं. १७२० मध्ये पॅरिसला जाऊन फ्रेंच राजअकादमीत निवडून आलेली, फ्रेंच चित्रकार वातोचं व्यक्तिचित्र काढणारी व्हेनिसची बाई, आणि चित्रकलेच्या साध्या इतिहासांत तिला एक ओळसुद्धा मिळत नाही.

अनामिक_पाखरू

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून चित्रकार पॉला रेगोची आठवण. २०२२ मध्ये गेली. १९९४ ची 'डॉग वुमन' ही मालिका, कॅनव्हासवर पेस्टल, माणसाएवढ्या बायका चार पायांवर, गुरगुरणाऱ्या. पेस्टल म्हणजे गोड चेहरे आणि फुलं, हा समज तिने मोडून काढला. खडू दाबून, रगडून वापरलाय. त्या पोटऱ्या आणि तळपाय बघाच. मला ती चित्रं बघून दोन दिवस काही सुचलं नव्हतं.

खडूरंग

अगदी! आणि मुंकच्या 'किंचाळी'चं १८९५ चं रूपही पेस्टलच. २०१२ मध्ये लिलावात ते जवळपास १२ कोटी डॉलरला गेलं, तेव्हा लिलावात विकलं गेलेलं ते सर्वांत महाग चित्र होतं. किमतीचं मला अप्रूप नाही. पण "पेस्टल म्हणजे कच्चा आराखडा" म्हणणाऱ्यांना ऐकवायला बरं पडतं.

संस्थांबद्दलही सांगून ठेवते. ब्रिटनची पेस्टल सोसायटी १८९८ ची, अमेरिकेची १९७२ ची, आणि १९९४ मध्ये जगभरच्या पेस्टल संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ झाला. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनांतली चित्रं संकेतस्थळांवर बघायला मिळतात. आजचे लोक काय करताहेत ते कळायला यापेक्षा चांगला रस्ता नाही.

कोरापान

धुळीचं काय? घरात लहान मूल आहे.

दाणेदार

याबाबत हलगर्जीपणा नको. काही काड्यांत कॅडमियम, कोबाल्ट असतं, आणि घटक काहीही असले तरी बारीक धूळ फुफ्फुसाला नकोच. बोर्ड उभा किंवा किंचित पुढे कललेला ठेवा, म्हणजे भुकटी खाली पडते, खाली पन्हळीसारखा घडी केलेला ओला कागद लावा. चित्रावर फुंकर कधीही मारायची नाही, बोर्ड मागून हलकेच ठोकायचा. काम झालं की ओल्या फडक्याने पुसायचं, झाडू मारायचा नाही. पातळ हातमोजे घाला, तिथे बसून खाणंपिणं नको, मूल खोलीत असताना काम नको. मळलेल्या काड्या कोरड्या तांदळात घालून हलवल्या की स्वच्छ होतात, ते तांदूळ नंतर टाकून द्या.

नीलाक्षर

शेवटचा प्रश्न माझा. एक चित्र काच लावून घ्यायचंय, दुसरं मैत्रिणीला पाठवायचंय. चौकटवाले म्हणतात अ‍ॅक्रिलिक हलकं पडेल.

दाणेदार

साधं अ‍ॅक्रिलिक नको. त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती भुकटी ओढून घेते. काच घ्या, किंवा स्थिरविद्युतरोधक अ‍ॅक्रिलिक मिळत असेल तर ते. चित्र काचेला टेकता कामा नये. माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या किनारीच्या) मागे पट्टी लावून अंतर ठेवायला सांगा आणि ती पट्टी माउंटच्या खिडकीच्या कडेपासून बाहेरच्या बाजूला सरकवून, दिसणार नाही अशी बसवायला सांगा, म्हणजे सुटलेली भुकटी माउंटवर न दिसता मागच्या फटीत पडते. लावण्याआधी चित्र उभं धरून मागून हलकं ठोका, सुटायचं ते आधीच सुटू दे. दमट हवेत मागचा भाग बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, बुरशी डिंकावर वाढते.

पाठवायचं चित्र चौकटीशिवाय पाठवा. वर ग्लासिनचा (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, तो चित्रावर सरकणार नाही असा वरच्या कडेला चिकटवलेला. मग दोन कडक पुठ्ठ्यांत घट्ट बांधा. सैल बांधलं तर ग्लासिन घासतो. गुंडाळी करून नळीत अजिबात घालू नका. पाकिटावर "आडवं ठेवा" लिहा आणि मैत्रिणीला सांगा, ग्लासिन उचलताना सरळ वर उचल, बाजूला ओढू नको.